चेंडू थांबलेला, मन धावणारं

सिलतऱ्याहून आलेलं एक पत्र गेले आठ दिवस माझ्या टेबलावर आहे. रायपूर-बिलासपूर रस्त्यावरची ही कारखान्यांची वसाहत. पत्र लिहिणाऱ्या भगिनी तिथल्या एका मराठी कुटुंबातल्या. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून पत्राचा सारांश तेवढा देते.

‘आमचे हे स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्टीवर शिफ्टला असतात. मुलगा नववीत आहे. साहेबांच्या ओळखीनं गोल्फची गोडी लागली. दर रविवारी शहर ओलांडून नवा रायपूरला शिकायला जातो. सरावात तीन फुटांवरचे चेंडू हसत हसत होलात घालतो, पण स्पर्धा आली की हात कापतात. मागच्या स्पर्धेत शेवटच्या होलवर असाच सोपा चेंडू चुकला. परत येताना गाडीत हे एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “एवढा पैसा ओतला, शेवटी काय?” त्या दिवसापासून काठ्यांची पिशवी पलंगाखाली आहे. विचारलं तर म्हणतो, “माझ्यात दमच नाही.” ताई, खेळाडूंच्या मनाचे डॉक्टर असतात म्हणे. ते नक्की काय करतात? आणि आईनं काय करावं?’

गोल्फ हा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातला खेळ नाही. पण ‘सरावात येतं, परीक्षेत येत नाही’ हे दुखणं कुठल्या घरात नाही? स्नेहसंमेलनात गाणं विसरलेली मुलगी, तोंडी परीक्षेत गप्प बसलेला मुलगा, मुलाखतीत घसा कोरडा पडलेला पदवीधर, सगळे या मुलाचेच भाऊबंद. म्हणून हे उत्तर एकट्या त्या भगिनींसाठी नाही.

मधल्या वेळात काय घडतं?

आधी खेळ समजून घेऊ. अठरा होलचा डाव खेळायला चार-साडेचार तास लागतात. बहुतेक मोठ्या मैदानांवर चांगल्या खेळाडूनं ७२ फटक्यांच्या आसपास डाव संपवावा अशी अपेक्षा असते. एका फटक्याला दोन सेकंद धरले, तर प्रत्यक्ष खेळणं फार तर अडीच मिनिटांचं! उरलेले चार तास चालायचं, थांबायचं आणि विचार करायचा.

क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचार करायला सवडच नसते. कबड्डीत समोरचा गडी खेचतो. गोल्फमध्ये चेंडू गवतावर निवांत पडलेला असतो. तुम्ही मारेपर्यंत तो हलत नाही, पळतं ते मन. ‘हा गेला तर पहिला नंबर, चुकला तर बाबा काय म्हणतील,’ अशी त्याची धाव सुरू होते. होलाजवळच्या कापलेल्या हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलायच्या फटक्याला ‘पट’ म्हणतात. त्याला ताकद लागत नाही, शाळकरी पोरही मारू शकतं. म्हणूनच तो चुकला की लाज जास्त वाटते. दोनशे यार्डांवरून चेंडू भरकटला तर वाऱ्याला दोष देता येतो. तीन फुटांवरून चुकला तर दोष द्यायला कुणीच सापडत नाही.

पण त्या मुलाच्या वडिलांना मला आधी एक हिशेब सांगायचा आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर खेळणारे, जगातले निवडक खेळाडू आठ फुटांवरून सुमारे निम्मेच पट घालतात. दहा फुटांवरून शंभरात चाळीसच्या आसपास. तीन फुटांवरूनही शंभरात चारएक चुकतात. ज्यांचं पोट यावर चालतं त्यांची ही गत. मग नववीतल्या मुलाचा एक चुकला म्हणून त्याच्यात दम नाही, हे कुठल्या गणितात बसतं?

हात शहाणे, डोकं लुडबुडं

आता प्रश्न उरतो, सरावात येणारी गोष्ट ऐन वेळी का येत नाही?

सायन बायलॉक या अमेरिकन संशोधिकेनं याच प्रश्नावर बरंच काम केलं आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या गोल्फपटूंना पट मारायला सांगितलं. एकदा त्यांना आपल्या काठीच्या हालचालीवर बारीक लक्ष ठेवायला सांगितलं. दुसऱ्यांदा मारता मारता कानावर पडणाऱ्या आवाजांतला एक ठरावीक आवाज ओळखायला सांगितलं. आपल्याला वाटेल, लक्ष दुसरीकडे गेलं की खेळ बिघडेल. झालं उलटंच. मुरलेल्या खेळाडूंचा खेळ स्वतःच्या हालचालीकडे पाहताना जास्त बिघडला. नवशिक्यांना मात्र हालचालीकडे लक्ष देण्याचा फायदा झाला.

स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. पोळी लाटणाऱ्या बाईचे हात आपोआप चालतात, तोंडानं गप्पाही सुरू असतात. पण व्याही मंडळी समोर येऊन बसली आणि तिच्या मनात आलं, ‘लाटणं नीट फिरतंय ना? कडा जाड तर राहत नाहीत?’ की नेमकी तीच पोळी नकाशा होते. हातांनी वर्षानुवर्षं जे शिकून ठेवलंय, त्यात घाबरलेलं डोकं लुडबुड करतं. या मुलाचे हात शहाणे आहेत. ऐन वेळी त्याचं डोकं त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही.

दुसरी गंमत त्याहून मोठी. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली लोकांना पट मारायला दिला आणि बजावलं, ‘काहीही करा, पण चेंडू होलापलीकडे जाऊ देऊ नका.’ त्याच वेळी काहींना एक सहा आकडी संख्या डोक्यात धरून ठेवायला लावली. डोक्यावर हा जादा भार असणाऱ्यांचे चेंडू नेमके पलीकडे गेले! ‘सांडू नकोस हं’ असं म्हणत मुलाच्या हाती दुधाचा पेला दिला की काय होतं, हे आईला प्रयोगाशिवायही ठाऊक असतं. ‘चुकू नकोस’ हा सल्ला नाही. चुकीचं चित्र डोळ्यांपुढे धरून ठेवण्याची ती आज्ञा आहे.

मनाचे डॉक्टर काय करतात?

महाराष्ट्रात हा विषय सामान्य खेळाडूंपर्यंत नेला तो नाशिकच्या भीष्मराज बाम सरांनी. पोलीस खात्यात वरिष्ठ पदावर काम केलेला हा माणूस पुढे खेळाडूंच्या मनाचा मार्गदर्शक झाला. राहुल द्रविडपासून नेमबाज अंजली भागवतपर्यंत अनेकांना त्यांनी वाट दाखवली. पातंजल योगातली श्वासाची आणि एकाग्रतेची शिस्त त्यांनी आधुनिक क्रीडामानसशास्त्राशी जोडली. २०१७ साली ते गेले. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या. गोल्फ आणि नेमबाजी या तशा सख्ख्या बहिणी. दोन्हींत लक्ष्य स्थिर, प्रतिस्पर्धी तुम्हाला हातही लावत नाही, झगडा सगळा आतला.

म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची गोष्ट या मुलाला सांगण्यासारखी आहे. २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत आघाडीवर असताना एक नेम वाईट गेला आणि पुन्हा चौथा. वैयक्तिक पदक हातातोंडाशी येऊन गेलं. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात त्यानं कांस्यपदक मिळवलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. त्या दिवशी भीती वाटली नाही, असं तो म्हणाला नाही. पोटात कालवाकालव होत होती, नुसता काळा चहा घेतला होता, काळीज धडधडत होतं आणि आपण श्वास सांभाळत राहिलो, वेगळं काही करायला गेलो नाही, असं त्यानं नंतर सांगितलं.

पत्रलेखिकेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. क्रीडामानसशास्त्रज्ञ भीती काढून टाकत नाही. ती कुणालाच काढता येत नाही. भीती असतानाही करता येईल असं एक छोटं, ठरलेलं काम तो मनाच्या हाती देतो. रिकामं मन पुढच्या निकालाकडे धावतं, कामाला लावलेलं मन जागेवर राहतं.

त्या भगिनींच्या यजमानांना हे माझ्याहून चांगलं कळेल. भट्टीवर धोक्याची घंटा वाजली तर अनुभवी माणूस ‘आता कारखान्याचं किती नुकसान होईल’ याचा हिशेब करत बसत नाही. आधी हे बघायचं, मग ते बंद करायचं, मग अमक्याला कळवायचं, असा क्रम त्याच्या अंगात मुरलेला असतो. घाम फुटलेला असतो, पण हात क्रमानं चालतात. मुलालाही तसाच क्रम हवा.

गोल्फपटूचा क्रम साधारण असा असतो. चेंडूच्या मागे उभं राहून उतार पाहायचा. एक दीर्घ श्वास सावकाश सोडायचा. चेंडू कोणत्या वाटेनं जाईल, ते एकदाच डोळ्यांपुढे आणायचं. मग उभं राहायचं, नजर चेंडूवर ठेवायची आणि मारायचं. दर वेळी तेच, त्याच गतीनं, मग सराव असो की शेवटचा होल.

यातलं नजरेचं काम साधं वाटतं, पण मोलाचं आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९२ साली गोल्फपटूंच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या खेळाडूंची नजर फटक्याआधी एका जागी अधिक वेळ स्थिरावते, कमी कुशल खेळाडूंची इकडेतिकडे भिरभिरते, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे द्रोणाचार्यांनी शिष्यांना ‘काय दिसतं?’ असं विचारल्याची गोष्ट आजी सांगायची. पोपटाचा डोळाच फक्त दिसणारा अर्जुन काही भीतिमुक्त नव्हता. कुरुक्षेत्रावर त्याच्या हातून गांडीव गळालंच ना? त्याला सारथ्याची गरज पडली. आता त्या सारथ्याकडेच येऊ.

चौदा वर्षांचा वनवास

उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय २०११ साली अमेरिकेच्या ऑगस्टा इथल्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटक्यांच्या आघाडीनं उतरला. वय अवघं एकवीस. त्या दिवशी त्याला ८० फटके लागले, आघाडी मातीत गेली. दोनच महिन्यांनी त्यानं यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकून दाखवली, पण ऑगस्टाचं दार काही उघडेना. २०२४ साली यूएस ओपनच्या शेवटच्या टप्प्यात त्याचे दोन पट चुकले. एक अडीच फुटांवरून, दुसरा चार फुटांच्या आतून! एका फटक्यानं विजेतेपद गेलं. सिलतऱ्याच्या चिरंजीवांना हे अंतर आवर्जून सांगा.

मग १३ एप्रिल २०२५ उजाडला. पुन्हा ऑगस्टा, पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा आघाडी. पहिल्याच होलवर दोन फटके जास्त लागले आणि आघाडी गेली. ती परत मिळवली, पुन्हा घालवली. शेवटच्या होलवर पाचएक फुटांचा पट घातला की जिंकला, तर तोही चुकला. जस्टिन रोजशी बरोबरी झाली आणि निर्णायक होल खेळायची वेळ आली.

त्या क्षणी त्याच्या शेजारी होता हॅरी डायमंड, त्याचा लहानपणापासूनचा मित्र आणि कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहून खेळाडूला साथ देणारा. ‘कसा रे चुकलास?’ असं त्यानं विचारलं नाही. धीराचं भाषणही ठोकलं नाही. तो एवढंच म्हणाला की सोमवारी सकाळी कुणी आपल्याला ही संधी देऊ केली असती, तर आपण आनंदानं घेतली असती. एका वाक्यात त्यानं मित्राची नजर चुकलेल्या पटवरून उचलून हातातल्या संधीवर आणली. मॅकिलरॉय निर्णायक होलवर जिंकला. चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा तो सहावा गोल्फपटू ठरला. चौदा वर्षांचा वनवास संपला.

त्याला बॉब रोटेला या नामवंत क्रीडामानसशास्त्रज्ञाचं मार्गदर्शन होतंच. पण मैदानावर डॉक्टर नसतो, पिशवीवाला असतो. नववीतल्या मुलाचा पिशवीवाला कोण? त्याला गाडीतून नेणारे आणि आणणारे आईबाप.

आईच्या खांद्यावरची पिशवी

टोकियो ऑलिम्पिक २०२१ साली झालं, तेव्हाची बंगळुरूची अदिती अशोक आठवते? तोवर गोल्फचं नावही न घेणारी घरं त्या शनिवारी पहाटेपासून टीव्हीपुढे बसली होती. जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानावर असलेली ही मुलगी चार दिवस पदकाच्या शर्यतीत टिकली. तिची पिशवी सांभाळत होती तिची आई. आधीच्या रिओ ऑलिम्पिकमध्ये हे काम वडिलांनी केलं होतं.

शेवटच्या होलवर अदितीचा पट होलाच्या कडेनं निसटला. कांस्यपदकाच्या बरोबरीला एक फटका कमी पडला आणि ती चौथी आली. मनाची सगळी शिस्त असूनही चेंडू कधी कधी जात नाही, हेही मुलांना सांगायला हवं. मानसशास्त्र विजयाची हमी देत नाही. हरल्यावर पिशवी पलंगाखाली जाऊ नये, एवढं मात्र ते बघू शकतं. अदिती पुढेही खेळत राहिली. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिनं रौप्यपदक घेतलं. तिथेही शेवटच्या दिवशी मोठी आघाडी निसटली होती, तरीही २०२४ साली ती पॅरिस ऑलिम्पिकला उतरलीच.

आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियोत खेळला आणि पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरीही. लाहिरी विपश्यनेची साधना करतो. इगतपुरीमुळे विपश्यना हा शब्द मराठी घरांना परका नाही. श्वास येतो, श्वास जातो, त्याकडे बघत राहायचं. २०१५ साली पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत लाहिरी संयुक्त पाचवा आला होता. त्याचं सारं श्रेय साधनेला देणं भाबडेपणाचं होईल, पण श्वासाला पैसे पडत नाहीत, हे काय कमी आहे?

घरी करता येण्याजोगं

आता भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. आईनं काय करावं?

पहिलं, पिशवी पलंगाखालून ओढून बाहेर काढू नका. ती त्यानंच काढायची आहे. आठ-पंधरा दिवस विषय काढू नका. मन निवलं की एका संध्याकाळी सतरंजी पसरा, पेला आडवा ठेवा आणि तुम्हीच चेंडू ढकलून बघा. तुमचे चुकलेले चेंडू पाहून तो हसला की अर्धं काम झालं.

दुसरं, सरावात थोडा ताण मिसळा. ओळीनं सात चेंडू घालायचे, सहाव्याला चुकला तर पुन्हा एकपासून. धाकटी भावंडं टाळ्या पिटत असली तर उत्तम. हात कापत असताना आपला क्रम पाळायची सवय घरीच लागू द्या.

तिसरं, ‘चुकू नकोस’, ‘घाबरू नकोस’ हे शब्द घरातून हद्दपार करा. त्याऐवजी ‘श्वास सोड, मग मार’ एवढंच म्हणा. काय टाळायचं ते सांगू नका, काय करायचं ते सांगा.

चौथं, परतीच्या गाडीचा नियम करा. निकालावर बोलणं दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी फक्त एक प्रश्न, ‘आज मजा कधी आली?’ आणि वाटेत भजी.

पाचवं यजमानांसाठी. पैशाचा हिशेब खरा आहे, तो लपवू नका. पण तो स्पर्धेच्या दिवशी मांडू नका. खेळावर वर्षाला किती खर्च झेपतो, हे शांतपणे बसून मुलासमोर ठरवा. ठरलेली रक्कम ही त्याच्या शिक्षणाची फी समजा, पदकाची किंमत नव्हे. नाहीतर तीन फुटांवरच्या त्या चेंडूवर मुलाला गवत दिसत नाही, बापाचा पगार दिसतो. एवढा जड चेंडू कुणाच्या हातून जाईल?

आणि एक सावधगिरी. मुलाची झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र सुटले, जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवू लागला, तर तो खेळाचा प्रश्न उरत नाही. मग क्षणभरही लाजू नका. रायपूरच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

ताई, तुम्ही विचारलंत, मनाचे डॉक्टर काय करतात? ते खेळाडूला चेंडूपाशी परत आणतात. घरच्यांचं काम त्याहून सोपं आणि त्याहून अवघड आहे. चेंडू आत जावो न जावो, गाडीत त्याची जागा तीच आहे, एवढं त्याला कळू द्यायचं.

पिशवी बाहेर आली की एक पोस्टकार्ड जरूर टाका. निकाल कळवायची गरज नाही.